लोदेनची तळमजल्यावरची खोली

माझ्या लॉजवर खोली बघायला आलेला माणूस आधी कशाला हात लावतो, यावरून मी त्याला ओळखते. यात्रेकरू गादी दाबून बघतात. व्यापारी कुलूप ओढून बघतात. खालच्या मुलखातून आलेले चिनी पाहुणे धापा टाकत ऑक्सिजनची चौकशी करतात, मग जिन्याकडे बघतात आणि रडवेले होतात. लोदेनने यातलं काहीच केलं नाही. तो खोलीत शिरला, सरळ मागच्या खिडकीशी गेला, ती उघडून डोकं बाहेर काढलं आणि मला विचारलं, "या भिंतीवरून उडी मारता येते का?"

"चोर आहेस का रे?" मी म्हटलं.

"नाही, आचा." आमच्याकडे थोरल्या बहिणीला आचा म्हणतात.

"मग भिंतीशी तुला काय करायचंय?"

त्याने खिडकी लावून घेतली. "इथे सध्या कुठकुठले लोक उतरलेत?"

थंडीचे दिवस होते. गुरं विकून, लोणी पोत्यात भरून सगळा गवताळ मुलूख ल्हासाला यात्रेला आलेला. रामोछे देवळाच्या मागच्या गल्लीत माझं चौदा खोल्यांचं लॉज, त्यातल्या सहा खाली, बाकीच्या वर. मी त्याला सांगितलं की दोन खोल्यांत आम्दोचे लोक आहेत, वर एक म्हातारा भिक्षू आहे, बाकी कोण कुठला ते मी विचारत बसत नाही. तो चाळिशीचा, उंच, मेंढीच्या कातड्याचा अंगरखा घातलेला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. अंगणात नळाजवळ त्याची बायको पोत्यावर बसली होती. तिचा चेहरा जुन्या लोण्यासारखा पिवळा पडला होता आणि उजव्या बरगडीखाली पोट असं वर आलं होतं, की अंगरख्यात कोकरू लपवलंय असं वाटावं. तिच्याकडे बघून मी तीन नंबरची खोली दिली. तिथे ऊन येत नाही आणि मागच्या लोणीवाल्याच्या अंगणातला वास येतो, म्हणून ती रिकामीच असायची.

सकाळपासून त्याने आठ लॉज बघितली होती, माझं नववं. जोखांग देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचं लॉज त्याने सगळ्यात आधी सोडलं, कारण त्याच्या खोऱ्यातले सगळे तिथेच उतरतात हे कोणालाही माहीत होतं. बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये एका खोलीत बारा खाटा. शेजारी कोण घोरतोय ते कळायची सोय नाही. काचेच्या दाराच्या हॉटेलात टेबलाशी बसलेली पोरगी वहीत नाव लिहून घ्यायची आणि वही तशीच उघडी ठेवून फोनवर बोलत बसायची. हॉस्पिटलच्या फाटकासमोरचं सगळ्यात सोयीचं, पण खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि चिमीला, म्हणजे त्याच्या बायकोला, पाच पायऱ्या चढल्या की बसावं लागे. एका ठिकाणी कुत्रं नव्हतं. एका ठिकाणी होतं, पण त्याच्यावर भुंकलं नाही, म्हणून तेही बाद.

पहिल्याच दिवशी त्याने खाट दारापासून दूर सरकवली, त्यावर चिमीला निजवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून जमिनीवर अंथरूण घातलं. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

खरी गोष्ट मला चिमीने सांगितली. तिच्या यकृतात पाण्याची गाठ झाली होती. कुत्र्यांबरोबर वाढलेल्या आमच्या गुराख्यांना होते ती. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत ती माझ्या स्वयंपाकघरात चुलीपाशी येऊन बसायची. आवाज बारीक, पण बोलताना काही लपवायची नाही.

त्यांचं वरचं खोरं आणि शेजारचं खालचं खोरं, या दोघांमध्ये एक टेकडी आहे. पूर्वी ती टेकडी कोणाची, हे कोणी विचारत नव्हतं. पुढे यार्त्साचा भाव वाढला. मेलेल्या अळीच्या डोक्यातून उगवणारं ते बोटभर गवत, औषधाला जातं. वसंतात दोन्ही खोऱ्यांची माणसं हातात छोट्या कुदळी घेऊन त्या टेकडीवर पालथी पडून शोधू लागली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी शिवीगाळ झाली, मग गोफणी सुटल्या. चिमीच्या समोर लोदेनच्या थोरल्या भावाच्या डोळ्यात गोफणीचा दगड बसला आणि डोळा गालावर आला. मग तलवारी निघाल्या. लोदेनची बोटं तिथेच गेली. त्याला ती गेल्याचं कळलंच नाही, कुदळ निसटायला लागली तेव्हा त्याने खाली बघितलं. खालच्या खोऱ्यातला ग्युर्मे नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्या डोळा गेलेल्या भावाच्या छातीवर बसून दगडाने त्याचं तोंड ठेचत होता. लोदेनने मागून त्याच्या डोक्यात कुदळ घातली.

"पोरगा बाजूला पडला," चिमी म्हणाली. "मग ह्यांनी परत घातली."

मी भांडी घासायची थांबले.

"पहिला घाव भावाला सोडवायला होता, आचा. दुसरा कशाला होता ते मी त्यांना कधी विचारलं नाही."

त्या दिवशी वरच्या खोऱ्याचीही दोन माणसं मेली. मठातल्या लामांनी मध्ये पडून तडजोड केली. लोदेनच्या घरून भरपाईत याक आणि घोडे गेले, दोन्हीकडच्या पुरुषांनी पोथीवर हात ठेवून शपथ घेतली. ग्युर्मेचा थोरला भाऊ छोडाक, त्यानेही घेतली. पण त्यांची आई, अमा यांगकी, तिने आलेले याक दुसऱ्याच दिवशी ओढ्यापलीकडे हाकलून दिले. भरपाई नाकारली म्हणजे सूड बाकी आहे, हे तिकडे पोरासोरांनाही कळतं. त्यानंतर लोदेनचा तंबू जळाला. त्याच्या कुत्र्याचा गळा चिरलेला सापडला. त्याच्या घोड्याच्या मागच्या पायांच्या शिरा कोणीतरी कापल्या आणि घोडा तसाच दोन दिवस गवतात ओरडत पडला, तेव्हा लोदेननेच त्याला मारलं. तेव्हापासून तो माणूस एका जागी सलग दोनदा झोपला नव्हता. पण बायकोचं पोट फाडायचं म्हणजे एका जागी राहणं आलं.

ऑपरेशन झालं. अकरा दिवस चिमी हॉस्पिटलात होती आणि लोदेन तिच्या खाटेखाली. बाराव्या दिवशी डॉक्टर तिला सोडणार होते, बरगडीखाली नळी तशीच ठेवून. मी खोली गरम करून ठेवली, गोवऱ्या आणल्या.

त्याच सकाळी छोडाक आला. तो छोडाक आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिशीचा, देखणा, केसांत लाल लोकरीचा गोंडा गुंफलेला, बोलायला गोड. तो कशाला हात लावतो म्हणून मी बघत राहिले. त्याने कशालाच हात लावला नाही, दारं मोजल्यासारखा अंगणात फिरला.

"खोल्या भरल्यात," मी म्हटलं.

"मला खोली नकोच आहे, आचा. दोन बोटं नसलेला एक माणूस हवाय. या महिन्यात आठ लॉजवाल्यांना खिडक्या उघडायला लावून गेलाय. काचेच्या दारातली पोरगी अजून हसते त्याला. म्हणे, असं गिऱ्हाईक बघितलंच नाही. म्हणून म्हटलं, नववं कुठलं ते बघावं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कोणाला कळू नये म्हणून लोदेन दारोदार इतकं बघत फिरला, की सगळ्यांच्याच लक्षात राहिला.

"माझ्याकडे खिडक्या उघडत नाहीत," मी म्हटलं.

तो हसला. "चहा तरी मिळेल?"

तो उन्हात बसला. मी त्याला चहा दिला, मिठाची पिशवी आणायला जाते म्हणाले आणि डोक्यावर फडकं बांधून गल्लीत निघाले. दहा पावलंही गेले नसेन, समोरून लोदेन येताना दिसला. चिमीला त्याने पाठीवर पट्ट्याने बांधलं होतं, तिच्या हातात नळीची पिशवी. मी हाताने खुणावलं, मागे फीर. त्याने बघितलं. मग चिमीकडे मान वळवून काहीतरी बोलला आणि चालत राहिला. थंडीत तिला घेऊन तो आणखी कुठे जाणार होता, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

छोडाक उठून उभा राहिला. चहाचा पेला त्याने नीट भिंतीवर ठेवला.

"खाली ठेव तिला."

"ठेवतो," लोदेन म्हणाला.

तो तिला घेऊन खोलीत गेला. छोडाक अंगणात थांबला. मला वाटलं, आता लोदेन मागच्या खिडकीतून गेला. त्यासाठीच तर घेतली होती ती खोली. पण लोदेन परत बाहेर आला, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे फेकली. आतून चिमी दारावर हात आपटत होती. त्यात जोर नव्हता.

छोडाककडे हातभर सुरा होता. लोदेनकडे मांस कापायचा चाकू. पहिल्याच वाराला लोदेनचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला, आतलं पांढरं मला दिसलं. दुसरा वार गालावर. दोघांपैकी कोणी आवाज करत नव्हतं, नुसते बूट घासत होते आणि माझं कुत्रं साखळीला हिसडे देत होतं. नळापाशी पाणी सांडून बर्फ धरलेला असतो, तिथे लोदेनचा पाय गेला आणि तो पडला. छोडाक त्याच्यावर वाकला. पडल्या पडल्या लोदेनने त्याच्या गुडघ्यामागून चाकू ओढला. ओली दोरी तुटावी तसा आवाज झाला. छोडाक त्याच्याच अंगावर कोसळला, आणि तसाच, उठता येत नसताना, सुरा लोदेनच्या मांडीत खुपसत राहिला. एकदा, दोनदा.

मी चुलीतले निखारे फावड्याने उचलून दोघांवर टाकले. अंगरखे पेटले, लोकर जळल्याचा वास सुटला, तरी दोघं सुटेनात. मग त्याच फावड्याने मी छोडाकच्या मनगटावर मारत राहिले, सुरा पडेपर्यंत. मनगट मोडलं होतं हे मला नंतर कळलं. कळलं असतं तरी मी थांबले नसते.

पोलीस आले. अंगणभर रक्त, त्यावर राख.

"काय झालं?"

"घसरले," मी म्हटलं.

"दोघंही?"

"बर्फ फार आहे, साहेब," छोडाक जमिनीवरून म्हणाला. त्याच्या तोंडाला फेस आला होता. त्याला तुरुंगाचा न्याय नको होता, स्वतःचा हवा होता. लोदेननेही मान हलवली.

आठवड्याने हॉस्पिटलचा माणूस माझ्याकडे आला. छोडाकचा पाय आणि हात प्लॅस्टरमध्ये, गावी जाणारा ट्रक त्याला घेईना, आणि कुठलंही लॉज तळमजल्यावर खोली देईना. त्याने पत्ता म्हणून माझंच नाव सांगितलं होतं. मी तीन नंबरच्या दारात गेले. लोदेन मांडीला पट्ट्या गुंडाळून बसला होता.

"घेऊ का त्याला? पाच नंबर रिकामी आहे."

"लॉज तुझं आहे, आचा."

"घे," चिमी म्हणाली. "नजरेसमोर असलेला बरा. नाहीतर हे रोज सगळ्या ल्हासाकडे संशयाने बघतील."

तर असे ते दोघं माझ्याकडे राहिले, मध्ये एक खोली सोडून. लोदेन अंगणात आला की छोडाक दारातून थुंकायचा. एकदा त्याने उकळत्या चहाची किटली फेकली, ती लोदेनच्या पाठीवर फुटल्यासारखी आपटली. लोदेन लंगडत त्याच्या खोलीत गेला, त्याच्या मोडक्या मनगटावर बूट ठेवला आणि हळूहळू भार देत राहिला. छोडाक ओरडला नाही, पण मुतला. मीच लोदेनला कॉलर धरून बाहेर ओढलं. तो काही साधू माणूस नव्हता, कोणी तसं समजू नये.

पुढच्या पंधरवड्यात अमा यांगकी आली. तीन दिवस ट्रकच्या टपावर बसून आली होती, ओठ फुटलेले, बुटकी, पाठीत वाकलेली. दारातून तिने मला एकच विचारलं, "कुठला?"

लोदेन नळापाशी भांडं भरत होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मी, अमा."

तिने कमरेची गोफण सोडली. दुहेरी केली, खळग्यात दगड धरला आणि त्याच्या तोंडावर मारली. तो हलला नाही. दोन्ही हात त्याने पट्ट्यात खोचले होते. दुसऱ्या तडाख्याला दात पडले, मी ते बर्फावर बघितले. मग भुवई फाटली. मग कान. ती उंचीला कमी पडत होती, तर तो गुडघ्यांवर बसला. पाच नंबरच्या दारातून छोडाक सरपटत बाहेर आला होता. "अमा, कानामागे मार," तो ओरडत होता, "कानामागे." चिमी चौकट धरून उभी होती, दुसरा हात पोटावर. मी पुढे झाले तर लोदेनने बोटं नसलेला हात पट्ट्यातून काढला, मला थांब म्हणून दाखवला आणि परत खोचला.

म्हातारी दम लागेपर्यंत मारत होती. मग गोफण तिच्या हातातून सुटली. ती नळाच्या कट्ट्यावर बसली, बराच वेळ नुसती श्वास घेत.

"चहा आहे का गं?" तिने मला विचारलं.

मी आणून दिला. तिने दोन घोट घेतले.

"शेवटी काही बोलला का तो?"

लोदेनच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. शब्द नीट येत नव्हते. "टोपी मागितली."

"कुठली?"

"कोल्ह्याच्या कातड्याची. पडली होती. मी दिली नाही उचलून."

"ती मी शिवली होती." ती पेल्यात बघत राहिली. "किती घाव घातलेस?"

"दोन."

"मला सगळ्यांनी एकच सांगितला. लामांनीही."

"दोन, अमा."

ती उठली. मला वाटलं, परत गोफण उचलणार. तिने पेला मला दिला आणि म्हणाली, "मला एक खोली हवी. पायऱ्या नकोत." मी तिला रिकाम्या खोल्या दाखवल्या. तिने एकीतली गादी दाबून बघितली, दुसरीत ऊन कुठपर्यंत येतं ते बघितलं. शेवटी मधली चार नंबर घेतली. "दोघांचं खोकणं ऐकू यायला पाहिजे मला," म्हणाली.

ती राहिली तोवर कोणी कोणाला हात लावला नाही. ती छोडाकला भरवायची आणि भरवताना शिव्या द्यायची. प्लॅस्टर निघालं तेव्हा कळलं, पाय कायमचा गेला. निघायच्या दिवशी ती लोदेनच्या दारात आली.

"माफ केलेलं नाही."

"हो, अमा."

"मी थकलेय, एवढंच. माझ्या घरून आता कोणी येणार नाही. बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही."

छोडाकला तिने पाठीमागून ढकलत ट्रकवर चढवलं. त्याने जाताना मागे वळून बघितलं, पण थुंकला नाही. तो आता काठी घेऊन चालतो, आणि खालच्या खोऱ्याचा यार्त्सा बाजारात आणून विकतो, असं ऐकते.

लोदेन आणि चिमी परत गेले नाहीत. त्याला मांसाच्या बाजारात याक तोडायचं काम मिळालं. आठ बोटांनी तो इतरांपेक्षा सफाईने तोडतो. समोरचे दात नाहीत, डावा डोळा अधू आहे, आणि बोलताना अजून शिट्टीसारखा आवाज येतो.

दोन वर्षांनी त्या टेकडीवर परत मारामारी झाली. लोदेनच्या त्या डोळा गेलेल्या भावाचा मुलगा मेला. वरच्या खोऱ्यातले चार जण ल्हासाला आले आणि माझ्याच अंगणात लोदेनला बोलावून घेतलं.

"चल," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "ट्रक उभा आहे."

"मी येत नाही."

"तुझ्या सख्ख्या भावाचं पोर आहे."

"माहीत आहे. मी त्याला खांद्यावर खेळवलंय."

"मग?"

"येत नाही."

त्यांनी त्याला मारलं. आपलाच माणूस, म्हणून हात राखून मारलं, तरी दोन बरगड्या गेल्या. या वेळीही त्याने हात वर केला नाही. ते गेल्यावर तो भिंतीशी बसला आणि मोठ्याने रडला. त्याला रडताना मी तेवढंच बघितलं. मग उठून कामावर गेला, कारण दुपारची गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती.

त्यानंतर वरच्या खोऱ्यातलं कोणी त्या दोघांशी बोलत नाही. चिमीची आई वारली ती बातमी चार महिन्यांनी मिळाली. गेल्या थंडीत चिमीची धाकटी बहीण यात्रेला आली आणि माझ्याकडेच उतरली. तिला माहीत होतं मी कोण. आठ दिवस राहिली, मांसाच्या बाजाराचा रस्ता टाळून लांबून देवळात जायची, आणि न भेटता परत गेली.

मी ते चिमीला सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली नाही.

"जाड झालीय का गं ती?" तिने विचारलं.

"झालीय," मी म्हटलं.